नव्या रंगाखालची जुनी गिटार

समजा, पनवेलमध्ये कुणाच्या माळ्यावर १९६४ ची फेंडर बेस गिटार सापडली. कोकणातल्या दमट हवेत रंगाला बारीक तडे गेले, म्हणून घरच्यांनी ती हौसेने नव्याने रंगवून घेतली. दिसायला झकास! पण त्या एका हातासरशी तिची किंमत साधारण निम्म्यावर येते, असा जुन्या वाद्यांच्या बाजारातला ठोकताळा आहे.

संग्राहक लाकडासोबत मूळ रंगाचेही पैसे मोजतो. फेंडरने पहिली प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आणली. त्या काळातल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर पातळ असे. तो वर्षानुवर्षं पिवळसर होत जातो, तडकतो. हे वय खोटं आणणं कठीण असतं. अतिनील दिव्याखाली जुनं लॅकर हिरवट-पिवळं चमकतं, नवा रंग बहुधा तसा चमकत नाही.

म्हणून पारखी माणूस आधी स्क्रू काढतो. मान जिथे बसते त्या खाचेत मूळ रंगाचा माग राहिलेला असतो. मग आवाजाच्या खुंटीखालचा पोटेन्शियोमीटर पाहायचा. त्यावर ३०४६४१२ असेल, तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल ही उत्पादक कंपनी, ६४ हे वर्ष आणि १२ वा आठवडा. सुटा भाग तेव्हाचा, म्हणून गिटार त्याआधीची असूच शकत नाही, अर्थात तो भाग नंतर बदललेला नसेल तर. पिकअप आणि तारांचे डाख दिलेले जुने सांधेही तपासावेत.

माझं मत विचाराल तर वाजवणाऱ्यासाठी अशी नव्याने रंगवलेली गिटार पर्वणीच आहे: लाकूड तेच, पिकअप तेच, सूर तोच आणि दाम अर्धा.