मोजून भाजलेला चेहरा

मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे एमएनआरएफ, या त्वचा घट्ट करण्याच्या उपचाराबद्दल अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढलेली सूचना आपल्याकडे बातमी म्हणून आली आणि लग्नसराईच्या जाहिरातींत विरून गेली. भाजणं, व्रण राहणं, चेहऱ्यातली चरबी जाणं, नसांना इजा, विद्रूपता आणि ते निस्तरायला शस्त्रक्रिया करण्याची वेळ. तक्रारींची यादी धडकी भरवणारी होती. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच वाक्यावर अडलं. ही वैद्यकीय प्रक्रिया आहे, सौंदर्योपचार नव्हे आणि ती घरी करायची नाही, असं एफडीएने त्यात बजावलं आहे. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. फेशियल, क्लीनअप, ब्लीच यांच्याच दरपत्रकात खाली कुठेतरी ‘स्किन टाइटनिंग’ असतं आणि वरमाईसाठी त्यावर सवलतही असते.

एमएनआरएफमध्ये बारीक सुया त्वचेत काही मिलिमीटर आत शिरतात आणि तिथे रेडिओलहरींची ऊर्जा सोडतात. कोलॅजन साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसला आकसतं. मग पुढचे तीन ते सहा महिने शरीर ती इजा भरून काढत बसतं आणि त्या भरात नवं कोलॅजन तयार होतं. थर्माज, अल्थेरा, हायफू, फ्रॅक्शनल लेझर अशी नावं बदलतात, ऊर्जाही बदलते, पण सगळ्यांची भिस्त या डागडुजीवरच. हायफूच्या ध्वनिलहरी त्वचेखाली ४.५ मिलिमीटरवर एकवटता येतात, म्हणजे फेसलिफ्ट करताना सर्जन जो पडदा ओढून घेतो, थेट तिथवर. तरीही निकाल फेसलिफ्टचा लागत नाही. प्रामाणिक डॉक्टर ‘थोडा फरक पडेल’ यापलीकडे शब्द देत नाहीत. शिवाय पहिल्या काही दिवसांत गाल तुकतुकीत दिसतात, त्यात सुजेचा वाटा असतोच. तेव्हा ‘आफ्टर’चा फोटो नेमका कधी काढला, हे जरूर विचारावं.

या भाजण्याला शास्त्र बनवलं ते प्रामुख्याने एका माणसाने. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले रॉक्स अँडरसन. एमआयटीतून विज्ञान शिकून वैद्यकात आलेले. १९८३ मध्ये त्यांनी जॉन पॅरिश यांच्यासह ‘सायन्स’मध्ये एक निबंध लिहिला. प्रकाशाचा रंग आणि झोताचा कालावधी नेमका निवडला, तर त्वचेतलं हवं तेवढंच लक्ष्य तापतं आणि शेजारचं वाचतं, असा त्याचा गाभा. तोवर मुलांच्या चेहऱ्यावरची लालजांभळी जन्मखूण लेझरने घालवायला जावं, तर व्रण मागे राहायचा. या निबंधाने ते चित्र पालटलं. नको असलेले केस, गोंदण, काळे डाग यांवरची लेझरंही याच विचारातून पुढे आली. २००४ मध्ये अँडरसन आणि डीटर मॅनस्टाइन यांनी आणखी एक पाऊल टाकलं. सगळी त्वचा भाजायचीच कशाला? हजारो सूक्ष्म ठिपके भाजा, मधली त्वचा निरोगी राखा, म्हणजे जखम झपाट्याने भरते. एमएनआरएफच्या सुया याच युक्तीवर चालतात.

चरबी गोठवण्याची कल्पनाही याच जोडीची. आइसकांडी चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालांतली चरबी थंडीने दुखावते आणि तिथे खळगा पडतो, ही जुनी वैद्यकीय नोंद त्यांनी उचलली आणि त्यातून कूलस्कल्प्टिंग जन्माला आलं. त्याच उपचारानंतर चरबी घटण्याऐवजी टणक होऊन वाढल्याचं सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टाने २०२१ मध्ये जाहीर केलं. दावा झाला आणि २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. हा दुष्परिणाम दुर्मीळ, पण खरा आहे. अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत किती, किती वेळ आणि किती खोल हे प्रश्न जिवाभावाचे होते. बाजारात आल्यावर त्यातला ‘किती सिटिंग?’ एवढाच उरला.

आपल्यासाठी यात एक जास्तीची मेख आहे. लेझरचा प्रकाश मेलॅनिन शोषून घेतं आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत ते भरपूर. जरा हात चुकला की सुरकुती राहते बाजूला, काळा डाग मात्र महिनोन्महिने मुक्काम ठोकतो. ज्यांना आधीच वांग आहेत त्यांनी तर दहा वेळा विचार करावा. रेडिओलहरींना त्वचेचा रंग कळत नाही, म्हणूनच भारतात एमएनआरएफ इतकं रुजलं, आणि ते कारण पटण्याजोगं आहे. पण रंग न पाहणारी लहर खोलीही आपणहून पाहत नाही. सुया किती आत जाणार, ऊर्जा किती, सुईच्या वरच्या भागाला आवरण आहे की नाही, हे हँडपीस धरणाऱ्यानेच ठरवायचं असतं. सुई वाजवीपेक्षा खोल गेली की कोलॅजनऐवजी चरबी वितळते.

आणि चेहऱ्यातली चरबी ही पोटावरच्या चरबीसारखी नकोशी नसते! डॅलसच्या रॉड रोरिक आणि जोएल पेसा या प्लास्टिक सर्जननी २००७ मध्ये मृतदेहांच्या चेहऱ्यांत रंग टोचून दाखवलं, की ही चरबी सलग थर नसून वेगवेगळ्या कप्प्यांत असते. वयाबरोबर काही कप्पे रिते होतात, काही खाली ओघळतात. हाडंही झिजतात, डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, दात गेले की जबडा बसतो. गादीतला कापूस बसला असताना नुसती खोळ ताणून काय होणार? वजन घटवणारं मौंजारो हे औषध मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, त्यानंतर वजन भरभर उतरून गालफडं बसलेल्यांची यात भर पडली आहे. ‘टाइट करून द्या’ अशी मागणी घेऊन आलेल्या अशा चेहऱ्याला बहुधा भराव हवा असतो.

तो भराव म्हणजे फिलर. हायलुरॉनिक आम्लाचा असेल तर तो विरघळवणारं विकर मिळतं. ते दवाखान्यात तयार आहे का, हे आधी विचारावं, कारण फिलर चुकून धमनीत गेला तर त्वचा मरते आणि क्वचित दृष्टीही जाते. बोटॉक्स काहीच घट्ट करत नाही, स्नायू तीन-चार महिने सैल सोडतं. धाग्यांच्या लिफ्टबद्दल मी फारशी उत्साही नाही. विरघळणाऱ्या धाग्याने ओढलेला गाल धाग्याच्या आयुष्याहून फार पुढे टिकेल, ही आशा महागडी आहे.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केशरोपणासह सौंदर्यविषयक प्रक्रियांबाबत स्पष्ट म्हटलं होतं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेलं प्रशिक्षण पुरेसं नाही. असं लेखी सांगावं लागतं, यातच सगळं आलं. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत शोधायला पाच मिनिटं लागतात. पाटीवर ‘कॉस्मेटोलॉजिस्ट’ असेल तर ती पाच मिनिटं नक्की खर्चावीत.

त्वचा सैल पडण्यात उन्हाचा वाटा किती, हे सांगणारं एक छायाचित्र २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये छापून आलं. २८ वर्षं मालाचा ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा तो चेहरा. खिडकीकडची डावी बाजू जाड, लोंबलेली, खोल सुरकुत्यांनी भरलेली. उजवी बाजू दहा-वीस वर्षांनी तरुण म्हणावी अशी. काचेतून यूव्ही-ए किरण आरपार येतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा एसटीच्या किंवा टॅक्सीच्या जुन्या चालकाचा उजवा गाल निरखून पाहायला हरकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर इथे ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा इतरांपेक्षा २४ टक्के कमी वयस्क झाली. रोजचं सनस्क्रीन आणि डॉक्टरच्या सल्ल्याने रात्री लावायचं ट्रेटिनॉइन यांच्यामागे जेवढा पुरावा आहे, तेवढा कुठल्याच यंत्रामागे नाही. पण यांचं पॅकेज होत नाही आणि हप्तेही बांधता येत नाहीत.

एफडीएला सूचना काढता आली, कारण तक्रारी तिथपर्यंत पोहोचल्या. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद घेणारी यंत्रणा २०१५ पासून भारतातही आहे. मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया हे तिचं नाव, आणि गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे तिचं काम आहे. भाजलेल्या गालावर मेकअप चढवून लोक लग्नाला उभे राहतात, क्लिनिक पुढची दोन सिटिंग फुकट देऊन तोंड बंद करतं आणि नोंद होतच नाही. त्या नोंदीचा अर्ज भरायला डॉक्टर असावं लागत नाही, रुग्णालाही तो भरता येतो.