खाण सरते, विद्या उरते

मंडळी, नांगराचा पोलादी फाळ एकदा नीट पाहा. लोखंडात गंधक राहिले की ते तापवून ठोकताना चिरते. मँगनीज नावाचा धातू त्या गंधकाला धरून ठेवतो, म्हणून पोलाद घणाखाली टिकते. काम एवढेसेच, पण त्यावाचून पोलादाच्या कारखान्याचे पान हलत नाही.

हे मँगनीज आपल्याच राज्यात निघते, बरे का! नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलात की रामटेकजवळ मनसर येते. तेथे आणि शेजारच्या कांद्रीला १९०० च्या सुमारास हा काळा, जड दगड खणायला सुरुवात झाली. त्या काळी बहुतेक माल आगगाडीने बंदरावर आणि तेथून बोटीने विलायतेला जाई.

आता खाणीचे एक दुखणे ऐका. शेतातले पीक काढले तरी पुढच्या मृगावर पुन्हा पेरता येते. खाणीतला दगड एकदा काढला की गेला. पैसा लांब जातो, गावाच्या वाट्याला खड्डा येतो. मग खाण सरल्यावर मागे काय उरावे?

जर्मनीतल्या फ्रायबर्ग गावाची गोष्ट या बाबतीत ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथे ११६८ साली चांदी सापडली. १७६५ साली, खाणी चालू असतानाच, गावाने खाणविद्येची शाळा पाहिली. चांदीच्या खाणी १९१३ साली बंद पडल्या. पुढे शिसे आणि जस्तासाठी काही पुन्हा उघडल्या, त्याही १९६९ साली मिटल्या. शाळा मात्र आज विद्यापीठ होऊन उभी आहे. जर्मेनियम हे मूलद्रव्य १८८६ साली याच गावात ओळखले गेले. तुमच्या आजोबांच्या ट्रान्झिस्टर रेडिओत तेच तर होते!

असे काही आपल्याकडे घडले का? घडले. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० च्या मृत्युपत्रात सुमारे ३५ लाखांची मालमत्ता या विद्यापीठाला दिली. अट एकच : उपयोगी विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवावे. त्या देणगीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. तेल, अन्न, कागद असे शेतकऱ्याच्या मालाशी नाते असलेले विषय तेथे शिकवू लागले. २०२३ साली ती संस्था स्वतःच विद्यापीठ झाली. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्य कार्यालयही नागपुरातच आहे. म्हणजे खाण आणि विद्या एकाच जिल्ह्यात नांदतात.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. विद्या नागपुरात वाढली. खड्डा मात्र मनसरला. शहराच्या विद्यालयापर्यंत खाणगावातले पोर पोचले नाही, तर हिशेब अर्धाच राहिला.

म्हणून ही शेवटची गोष्ट गुरुजींसाठी. २०१५ साली खाणकायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून खाणपट्टा घेणाऱ्याला जिल्हा खनिज प्रतिष्ठानात ठरावीक रक्कम भरावी लागते. ती खाणीची झळ पोचलेल्या लोकांसाठी असते, आणि पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांना त्यात अग्रक्रम आहे. तुमचे गाव खाणीच्या आसपास असेल, तर शाळेची गरज कागदावर मांडा, ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव करून घ्या आणि त्याचा पाठपुरावा करा.

मनसर, कांद्रीच्या खाणी आजही चालू आहेत. फ्रायबर्गला शाळा निघाली, तेव्हा तेथेही खाणी चालूच होत्या. विहिरीला पाणी आहे तोवरच झाड लावावे, नाही का?