विणणाऱ्यांची सामायिक वही



लोकरीचे स्वेटर, बाळाची टोपरी, क्रोशाची तोरणं करून चार पैसे मिळवणाऱ्या बायका आपल्या अनेक गटांत आहेत. हे काम घरात, एकटीनं चालतं. चुकलं तर विचारायचं कुणाला आणि भाव किती सांगायचा, हे दोन प्रश्न कायम राहतात. मोबाइलवर व्हिडिओ पुष्कळ आहेत. पण व्हिडिओ नुसतं दाखवतो, आपलं काम तो बघत नाही. त्यासाठी माणसंच लागतात. ती मोबाइलवर कशी जोडायची, ते आज समजून घेऊ.

अमेरिकेत २००७ साली एका जोडप्यानं विणकाम आणि क्रोशा करणाऱ्यांसाठी ‘रॅव्हेलरी’ नावाची ऑनलाइन जागा सुरू केली. आज तिथं जगभरातले लाखो लोक आहेत. विणणारी तिथं आपल्या कामाचा फोटो टाकते आणि सोबत लिहिते : नमुना कोणता, लोकर कोणती, किती लागली, सुईचा नंबर काय, बदल कुठं केला. जणू सगळ्यांची मिळून एक वही. दुसरी कुणी तोच नमुना करायला घेते, तेव्हा पहिलीचा अनुभव तिच्या कामी येतो.

काहीजणी स्वतः नवे नमुने तयार करून विकतात. विकण्याआधी त्या इतर विणणाऱ्यांना तो नमुना वेगवेगळ्या मापांत करून बघायला सांगतात. टाक्यांचा हिशेब चुकला असेल तर तो इथंच कळतो, गिऱ्हाइकाकडून ऐकावा लागत नाही.

हेच आपल्याला लहान प्रमाणात करता येईल. दहा-पंधरा जणींचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरे. फक्त नियम पक्के हवेत.

पहिला नियम : फोटोसोबत चार गोष्टी सांगायच्या. लोकर किती ग्रॅम, सुईचा नंबर, किती तास लागले आणि चार इंचांत किती टाके बसले. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. कुणाचा हात सैल, कुणाचा घट्ट. म्हणून एकच नमुना दोघींनी विणला तरी माप वेगळं येतं. आधी छोटा तुकडा विणून टाके मोजले तर अख्खा स्वेटर उसवायची वेळ येत नाही.

दुसरा नियम : अर्धवट काम दाखवायचं. मुंढा चुकला हे तेव्हाच कळलं तर चार ओळी उसवून भागतं.

तिसरा नियम : नुसतं ‘छान’ म्हणून थांबायचं नाही. काय चांगलं झालं ते सांगायचं, मग कुठं आणि कसं सुधारायचं तेही सांगायचं. दुसरीची चूक शोधताना आपलीही नजर तयार होते. लिहिता येत नसेल तर आवाजाचा निरोप पाठवा. फोन नसलेल्या मैत्रिणीचं काम गटाच्या बैठकीत बघून कुणीतरी तिच्या वतीनं फोटो टाकावा.

चौथा नियम हिशेबाचा. समजा, बाळाच्या स्वेटरला १५० रुपयांची लोकर आणि २० रुपयांची बटणं लागली. वेळ लागला दहा तास. व्यापाऱ्यानं ३०० रुपये दिले. सामानाचे १७० वजा केले की उरले १३०. म्हणजे तासाला १३ रुपये! तासाला ४० रुपये धरले असते तर किंमत ५७० झाली असती. हा हिशेब एकटीनं मांडला तर ‘दुसरी स्वस्तात देते’ असं ऐकावं लागतं. दहा जणींनी मिळून मांडला, तर ती दुसरीही आपल्यातलीच असते.

दोन गोष्टी जपा. दुसरीचा नमुना आपल्या नावावर खपवू नका. आणि ऑर्डर देतो म्हणून कुणी अनोळखी माणूस पिन टाकायला सांगेल, तर टाकू नका. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा.

तर पुढच्या बैठकीला येताना सुईवरचं अर्धवट काम सोबत आणा. ग्रुपमधला पहिला फोटो त्याचाच असू द्या.