तळ्यात बोटुकल्या किती सोडाव्या?

मालेगावकडे डाळिंब-कांद्यासाठी खणलेल्या शेततळ्यांत मासेही वाढवता येतात. पण बी दाट पेरले म्हणून कणीस भरत नाही, तसेच माशांचे. हेक्टरी साधारण ५,००० बोटुकल्या पुरेत. ३० मीटर लांब-रुंद पाण्याला ४५०. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही जाती मिसळून सोडा. दाटी झाली की रात्रीतून पाण्यातला प्राणवायू सरतो आणि पहाटे मासे तोंडे वर काढून धापा टाकतात. शिवाय वैशाखात पाणी आटते, मासे मात्र वाढलेले असतात. तेव्हा हिशेब भाद्रपदातल्या भरल्या तळ्यावर नको, उन्हाळ्यात उरेल त्या पाण्यावर करा. नाहीतर मोठे मासे आधीच काढून विका. गुरुजी, हे गणित वर्गातही घालावे.