कढाचा बंदोबस्त

विजयादशमीच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनाचा सोहळा भरतो, तेव्हा राजाराम महाराजांच्या काळातली राजघराण्याची मेबॅक मोटार पाहण्यासाठी लहानथोरांची झुंबड उडते. परंतु त्या गर्दीतल्या बहुतेकांची नजर तिच्या ऐटदार लांबलचक बॉनेटवर खिळलेली असल्यामुळे तिच्या तोंडावरच्या जाळीआड काय आहे, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वास्तविक ज्यांचे आडनाव ही गाडी मिरवते, त्या विल्हेल्म मेबॅक यांनीच १९०० च्या सुमारास मर्सिडीजच्या ३५ अश्वशक्तीच्या मोटारीसाठी मधाच्या पोळ्यासारखा, आठ हजारांवर बारीक नळ्यांचा रेडिएटर सिद्ध केला आणि वारा नसतानाही हवा खेचली जावी म्हणून त्यामागे पंख्याची तजवीज केली. त्यापूर्वीच्या पुष्कळ गाड्या पाण्याची वाफ करून आकाशात सोडीत आणि वाटेत वारंवार पाणी मागत. मिरवणुकीच्या संथ चालीने गाडी हाकणे ही रेडिएटरची खरी सत्त्वपरीक्षा. कारण तेथे समोरून वारा नसतो, सारी भिस्त पंख्यावर असते.

सिलिंडरात इंधन पेटते तेव्हा ज्वालेचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते, आणि ज्या ॲल्युमिनियमचा पिस्टन असतो ते तर ६६० अंशांवरच वितळते. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे बाहेर जातो आणि जवळपास तेवढाच हिस्सा सिलिंडरभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या हवाली होतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्रीवाल्यांना या पाण्याच्या वाटा निराळ्या सांगायला नकोत. ब्लॉक किंवा हेड ओतताना साच्यात वाळूचा कोअर बसवावा लागतो, आणि ओतीव थंड झाल्यावर ती वाळू झाडून काढली की मागे उरणारी पोकळी हीच पाण्याची वाट. पंप तेथून पाणी ढकलतो. सुमारे ८५ अंशांपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरचा दरवाजा बंद ठेवतो, कारण फार थंडावाही इंजिनच्या हिताचा नसतो. त्यापुढे पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते.

येथे मूळ प्रश्न असा, की पाणी कोणत्या अंशाला उकळते? शाळेत आपण १०० असे घोकले. परंतु समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वसलेल्या कोल्हापुरात ते ९८ अंशांनाच उकळते, कारण डोक्यावरच्या हवेचा भार येथे थोडा हलका आहे. म्हणजे उत्कलनबिंदू हा पाण्याचा जन्मजात स्वभाव नव्हे, तो परिस्थितीशी केलेला करार आहे. आणि हा करार आपल्या बाजूने वळवण्याच्या दोन युक्त्या करवीरच्या मुलुखात मोटारशास्त्र न शिकताही घरोघरी ठाऊक आहेत.

पहिली गुऱ्हाळातली. चुलवाणावरच्या काहिलीत उसाचा रस कढू लागतो तेव्हा तो पाण्याच्याच बेताने उकळतो. पण पाणी उडून साखरेचे प्रमाण जसजसे वाढते तसतसा कढ अधिकाधिक तापमानावर येतो, आणि गुळव्या थंड पाण्यात गोळी करून पाहून काहील उतरवण्याचा इशारा देतो त्या वेळी आतला ऐवज ११८ अंशांच्या आसपास असतो. विरघळलेला पदार्थ पाण्याला सहजासहजी वाफ होऊ देत नाही. दुसरी युक्ती स्वयंपाकघरातली: कुकरचे झाकण आतल्या वाफेला कोंडते, दाब वाढतो, आणि तेच पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता मुकाट राहते.

रेडिएटरमध्ये या दोन्ही युक्त्या एकत्र नांदतात. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे कूलंटचे मिश्रण समुद्रसपाटीवर सुमारे १०७ अंशांना उकळते; आणि त्यावर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो दाब राखणारी कॅप बसवली, की हा बिंदू १२५ च्याही वर चढतो. त्या लहानशा कॅपमध्ये दोन झडपा असतात. दाब मर्यादेबाहेर गेला की एक उघडून जादा द्रव बाजूच्या बाटलीत सोडते, आणि रात्री इंजिन निवून आत पोकळी झाली की दुसरी तोच द्रव परत ओढून घेते. दुसरी अडकली, तर सकाळी होज पाईप चोखलेल्या आंब्यासारखा आत ओढलेला दिसतो. एवढा ताप सोसू देण्यात लाभ आहे: बाहेर ३८ अंशांची हवा असता ९५ अंशांच्या द्रवाशी तिचे अंतर ५७, तर ११० अंशांच्या द्रवाशी ७२; अंतर जितके मोठे, तितकी उष्णता त्याच रेडिएटरमधून जलद निघते.

तथापि दाबाखालीही हेडच्या अति तप्त भागांवर सूक्ष्म बुडबुडे उठतच असतात, आणि ते उठून प्रवाहात विरत आहेत तोवर ते उष्णता वाहून नेणारे सेवकच असतात. अनर्थ होतो तो बुडबुड्यांचा सलग पडदा बनला म्हणजे. भाकरीच्या रसरशीत तव्यावर शिंपडलेला थेंब चुरचुरून न आटता नाचत राहतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते. तशी गादी धातू आणि द्रव यांच्यामध्ये आली की उष्णतेची वाटच तुटते, हेड वाकते, गॅस्केट उडते.

म्हणूनच करूळ घाट चढून गगनबावड्यास पोहोचलेल्या, काटा लाल रेषेला टेकलेल्या गाडीची कॅप उतावीळपणे फिरवणे हा अविचार होय. १२० अंशांवर दाबून ठेवलेल्या एक लिटर पाण्यावरचा दाब एकाएकी काढला, तर त्यातले सुमारे ४० ग्रॅम पाणी तत्क्षणी वाफ होते. ऐकायला क्षुल्लक, पण त्या वाफेला साठ-सत्तर लिटर जागा लागते, आणि ती बाहेर येताना उरलेले उकळते पाणी तोंडावर उडवते.

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? ग्लायकॉल कशाला, नळाचे पाणी चालते की,’ असे म्हणणारे जुने चालक अगदीच चुकीचे बोलत नाहीत. उष्णता वाहण्यात निव्वळ पाणी मिश्रणाहून सरसच आहे. परंतु साध्या पाण्याने कढाची वरची मर्यादा खाली येते, लोखंडाला गंज आणि ॲल्युमिनियमला खड्डे पडतात, आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार नळ्यांत बसून मेबॅकसाहेबांच्या पोळ्याची भोके बुजवतात. कूलंटमधली गंजरोधक द्रव्येही कालांतराने खर्ची पडतात. म्हणून ठरल्या मुदतीत तो बदलावा. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी आहे, तेव्हा काढलेला द्रव मुलाबाळांच्या वा जनावरांच्या तोंडी लागणार नाही, असा ठेवावा.

घाटमाथ्यावर गाडी तापली तर एवढेच करावे: ती बाजूला घेऊन बंद करावी, बॉनेट उघडावे आणि कॅपला हात न लावता थांबावे. अर्ध्या-पाऊण तासाने वरचा होज चिमटीत धरून पाहावा. तो टणक असेल तर आत कढ अजून दबा धरून आहे. तो मऊ आणि थंड लागला, की जाड फडके घेऊन, तोंड बाजूला करून, कॅप सावकाश फिरवावी. काहील केव्हा उतरवायची हे गुळव्याही गोळी हातात घेतल्यावाचून सांगत नाही.