घरचा राउटर हाकेला ओ का देत नाही?

शिकायला पुण्यात, घर जळगावात. पप्पांच्या दुकानाचा हिशोब घरच्या कॉम्प्युटरवर टॅलीमध्ये, आणि महिनाअखेर आली की फोन ठरलेला : ‘जरा बघ ना रे, ते बिलच निघत नाहीये.’ कुणाचं प्रोजेक्ट घरच्या हार्ड डिस्कवर राहिलेलं असतं, तर कुणाला यावल-रावेरकडच्या शेतातल्या गोडाऊनचा कॅमेरा बघायचा असतो. यावर उपाय एकच. घरच्या राउटरवर व्हीपीएन चालू करायचा आणि पुण्यातून थेट घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचं. यूट्यूबवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून सेटिंग होतंसुद्धा. मग तुम्ही कनेक्ट दाबता आणि ‘कनेक्टिंग...’ गोल-गोल फिरत राहतं.

पासवर्ड तपासून, अॅप पुन्हा टाकून वैतागण्याआधी घरी कुणाला तरी एक काम सांगा. राउटरच्या पानावर (बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१) ‘वॅन आयपी’ म्हणून एक आकडा दिसतो, तो लिहून घ्यायला सांगा. मग त्याच वायफायवरून गुगलला ‘व्हॉट इज माय आयपी’ विचारायला सांगा. दोन्ही आकडे सारखे आले तर नशीबवान आहात. वेगळे आले आणि राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर सेटिंगमध्ये कितीही डोकं घातलंत तरी उपयोग नाही. तुम्ही ‘सीजीनॅट’च्या मागे आहात.

महाबळमधल्या एखाद्या मोठ्या अपार्टमेंटची कल्पना करा. पत्ता एकच, फ्लॅटला नंबरच नाहीत, गेटवर वॉचमन. तुम्ही आतून पत्र पाठवलंत तर वॉचमन वहीत नोंद करतो आणि उत्तर आलं की बरोबर तुमच्या दारात आणून देतो. म्हणून रील्स, क्लास, पेमेंट सगळं व्यवस्थित चालतं. पण बाहेरून कुणी आपणहून आलं, तर त्याला कुठल्या मजल्यावर पाठवायचं हे वॉचमनला माहीतच नसतं. तुमचा व्हीपीएन म्हणजे हा बाहेरून आलेला पाहुणा. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करणं म्हणजे फ्लॅटचं दार उघडं ठेवणं. पाहुणा गेटवरच अडकलाय, दार उघडून काय होणार?

यात तुमच्या केबलवाल्या भाऊंचा दोष नाही, हेही सांगायला हवं. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगभरात मिळून साधारण ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. आपल्या भागाचं वाटप बघणाऱ्या ‘एपीनिक’ने २०१९ मध्ये नियम आणखी घट्ट केला : नव्या सभासदाला जास्तीत जास्त ५१२ पत्ते. आता जळगावात नवी लाइन टाकणाऱ्याकडे पाच हजार घरं असतील तर तो काय करणार? एका पत्त्यावर अनेक घरं बसवणार. म्हणजे उशिरा आलेल्यांना उभं राहायला जागा, बसायला सीट नाही. नेट बघायला मिळतं, पण आपल्या घरून जगाला काही द्यायचं म्हटलं की दार बंद. मला तरी हे स्पीडच्या तक्रारीपेक्षा मोठं वाटतं.

मार्ग आहेत. एक, प्रोव्हायडरकडे स्टॅटिक आयपी मागा. वेगळे पैसे पडतात, पण मिळतो. दोन, लाइनवर आयपीव्ही६ असेल तर त्याचे पत्ते भरपूर आहेत, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी लागते. तीन, टेलस्केलसारखं अॅप. त्यात दोन्ही बाजू आतून बाहेर हाक मारतात, म्हणून वॉचमनच्या वहीत दोघांचीही नोंद असते. विद्यार्थ्याच्या खिशाला हेच बरं.

राउटरवरचा आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर भानगड बहुधा घरातच आहे. कंपनीचा डबा आणि त्याला जोडलेला तुमचा स्वतःचा राउटर, अशी दोन दारं झालीत. डबा ब्रिज मोडवर करून घ्या.

आणि हो, चाचणी घरच्या सोफ्यावर बसून, घरच्याच वायफायवरून करू नका. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत. मोबाइल डेटावर जाऊन बघा.

समजा कनेक्ट झालं, हिरवा टिक आला, तरी घरचा कॉम्प्युटर उघडेना? मग हॉस्टेलचा आयपी बघा. तिथेही १९२.१६८.१ आणि घरीही १९२.१६८.१ असेल, तर लॅपटॉपला वाटतं घरचा कॉम्प्युटर हॉस्टेलमध्येच आहे, आणि तो तिथेच शोधत बसतो. घरचं नेटवर्क १९२.१६८.७३ असं काहीतरी वेगळं करून टाका. छोटी पानं उघडतात आणि मोठी अर्ध्यात लटकतात, असं होत असेल तर वायरगार्डमध्ये एमटीयू १४२० वरून १२८० करून बघा.

आपल्याकडची खास अडचण मात्र लाइटची. लाइट गेली, राउटर बंद-चालू झाला की आयपी बदलू शकतो. त्यासाठी डायनॅमिक डीएनएस लावा, म्हणजे आकड्याऐवजी नावाने हाक मारता येते. बऱ्याच राउटरच्या घड्याळाला बॅटरी नसते. उठल्यावर ते जुनीच तारीख धरून बसलं तर ओपनव्हीपीएनचं सर्टिफिकेट त्याला ‘अजून लागू नाही’ वाटतं. वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याची सेटिंग चालू आहे ना, ते बघा. आणि मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखालच्या कपाटावरून राउटर खाली उतरवा, भो.

एवढी खटपट कशाला, सरळ डीव्हीआरचा पोर्टच उघडू, असं सांगणारे भेटतात. ऐकू नका. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या मालवेअरने फॅक्टरी पासवर्ड न बदललेले असेच कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर झालेल्या हल्ल्यात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास नीट चालेनात. वायरगार्डचं वेगळं आहे. ओळखीची किल्ली नसेल तर तो उत्तरच देत नाही, त्यामुळे शोधणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताच लागत नाही.

‘व्हीपीएन बेकायदा आहे ना?’ हाही प्रश्न येतो. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, आणि काही परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर हलवले. तो आदेश सर्वसामान्य ग्राहकांना सेवा देणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या घरात शिरणाऱ्याला नाही. कॉलेजच्या वायफायवर बंदी असेल तर तिथला नियम पाळा, मोबाइल डेटा आहेच.

हे सगळं दिवाळीला घरी गेलात की करा, परतीच्या गाडीच्या आदल्या रात्री नको. राउटरचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा, फोन हरवला तर त्या फोनची किल्ली राउटरमधून लगेच काढून टाका. आणि राउटरचे कोणते दिवे हिरवे असायला हवेत, त्याचा फोटो मम्मीच्या व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा.