शाल दिली, कागदाचे काय?

६ डिसेंबरला आपण महामानवाला अभिवादन करतो. कुणी चैत्यभूमीवर जातो, कुणी आपल्या विहारात मेणबत्ती लावतो. दुसरा दिवस ७ डिसेंबरचा. १९४९ पासून हा दिवस सशस्त्र सेना ध्वज दिन म्हणून पाळला जातो आणि माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी निधी गोळा होतो. आपल्या समाजाचे तर सैन्याशी रक्ताचे नाते! तरीही हा दुसरा दिवस आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात राहतो?

हे नाते एकदा आठवून पाहू. १ जानेवारी १८१८ च्या लढाईतील वीरांची नावे भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर कोरलेली आहेत. त्यांत २२ नावे महार सैनिकांची. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे जाऊन या वीरांना मानवंदना दिली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गावची शाळा आपल्याला पायरीशी उभे करीत नव्हती, त्या काळात पलटणीने अक्षर दिले. पुढे १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. तेव्हा नुसती नोकरी गेली नाही. मुलांची शाळा गेली, म्हातारपणाची पेन्शन गेली. म्हणूनच गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्यांनी भरतीच्या मागणीसाठी अर्जांची लढाई केली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेब त्या वर्षी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. आज या रेजिमेंटमध्ये सर्व जातिधर्मांचे जवान आहेत.

म्हणजे सैनिकाच्या घरात भाकरी आणि पुस्तक बरोबरच आले, ते पेन्शनच्या आधाराने. हे आम्ही भाषणांतून नेहमी सांगत आलो. पण त्याचा अर्थ आम्हाला कळला तो माजलगावातच, आणि तोही उशिरा.

मागे आम्ही काही कार्यकर्त्यांनी विहारात माजी सैनिकांचा आणि वीरपत्नींचा सत्कार ठेवला. पंचशील झाले, भाषणे झाली, शाल, गुलाबपुष्प, फोटो, सारे यथासांग पार पडले. मंडळी उठू लागली तेव्हा एक वृद्ध मावशी आमच्याजवळ आल्या. त्यांचे यजमान महार रेजिमेंटमध्ये होते, १९७१ चे युद्ध पाहिलेले. मावशींनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले डिस्चार्ज बुक काढले. "शाल लई चांगली हाय, भाऊ," त्या म्हणाल्या, "पर ह्येचं काय करावं त्येवढं सांगा."

यजमान जाऊन तीन वर्षे झालेली. सैन्याच्या पुस्तकात मावशींचे लग्नातले नाव, आधार कार्डावर आणि बँकेत घरचे नाव. जन्मतारखाही जुळेनात. जिथे जावे तिथे "नाव चुकले आहे" एवढेच उत्तर. तीन वर्षे फॅमिली पेन्शन नाही, आणि मावशी दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जात होत्या. त्यांच्या शेजारच्या गल्लीत आम्ही राहतो. आम्ही कधी विचारलेच नव्हते. त्या शालीची आम्हाला लाज वाटली.

आम्ही कारकून माणसे; कागद कुठे अडतो ते आम्हाला ठाऊक. प्रतिज्ञापत्र केले, यजमानांचा मृत्यूचा दाखला आणि इतर नकला जोडल्या, बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज मध्य प्रदेशातील सागरच्या रेकॉर्ड ऑफिसला गेला. हेलपाटे झाले, महिने गेले, पण पेन्शन सुरू झाली. थकबाकीचा पाठपुरावा अजून चालू आहे.

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या घरी माजी सैनिक आहेत त्यांनी आजच डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश काढून बघावा. पत्नीचे नाव, तिची जन्मतारीख, मुलांची नावे आधार कार्डाशी जुळतात का? जुळत नसतील तर सैनिक हयात असतानाच दुरुस्ती करून घ्यावी; त्याच्या सहीने काम सोपे होते, त्याच्या मागे तेच डोंगराएवढे होते. बँकेत पतिपत्नीचे संयुक्त खाते असावे. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नये. माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना एका घराच्या मालमत्ता करातून सूट देण्याचा राज्य शासनाचा निर्णय २०२० चा आहे. त्याचीही चौकशी ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत करावी.

आणि आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे. कोरेगावच्या स्तंभासमोर आपण नतमस्तक होतो, कारण तिथे आपल्या माणसांची नावे दगडावर कोरलेली आहेत. मग आपल्याच गल्लीतल्या सैनिकाच्या विधवेचे नाव कागदावर बरोबर असावे, ही जबाबदारी कुणाची?

येत्या ७ डिसेंबरला शाल घेऊन जरूर जा. पण ती खांद्यावर घातल्यावर लगेच निघू नका. घटकाभर बसा, आणि विचारा, "मावशी, कागद नीट आहेत ना?"